समुद्रकाठची विहारस्थाने

मुलांनो, अलोरे हे गाव रत्नागिरी जिल्ह्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहे. तेथून समुद्र दिसत नाही. लाटांची गाजही तेथे ऐकू येत नाही. तरीसुद्धा या गावाचे समुद्राशी नाते आहे, आणि ते पाण्याने जोडलेले आहे. घाटमाथ्यावरील कोयना नदीचे पाणी डोंगराच्या पोटातील बोगद्यांमधून पश्चिमेकडे आणले जाते. पोफळी आणि कोळकेवाडी येथे ते विजेची जनित्रे फिरवते आणि नंतर वाशिष्ठी नदीत सोडले जाते. वाशिष्ठी चिपळूणवरून वळणे घेत घेत दाभोळच्या खाडीतून अरबी समुद्रास मिळते. या खाडीच्या दक्षिणेस, थोड्याच अंतरावर, गुहागरचा लांबच लांब वाळूचा किनारा पसरलेला आहे.

सुट्टीच्या दिवसांत या किनाऱ्यावर दूरदूरची माणसे येतात. कोणी पाण्यात डुंबतात, कोणी वाळूचे किल्ले करतात, तर कोणी नुसतेच बसून मावळत्या सूर्याकडे पाहतात. चार दिवस काम विसरून आनंदात घालवावेत, हवापालट व्हावा, यासाठी माणसे ज्या ठिकाणी जातात त्या ठिकाणास विहारस्थान असे म्हणतात. जगाच्या पाठीवर समुद्रकाठची अशी शेकडो विहारस्थाने आहेत. त्यांपैकी काही एके काळी वैभवाच्या शिखरावर होती. तेथे लाखो माणसांची गर्दी उसळत असे, रात्री दिव्यांचा लखलखाट असे. आज त्यांतील कित्येक ठिकाणी गंजलेले लोखंड आणि बंद दारे एवढेच उरले आहे. समुद्र तोच, वाळू तीच, वाराही तोच. मग माणसे तेथे येईनाशी का झाली? या प्रश्नाचे उत्तर शोधणे मोठे उद्‌बोधक आहे.

समुद्रावर मौजेसाठी जाणे ही चाल वाटते तितकी जुनी नाही. पूर्वी समुद्र म्हणजे कोळ्यांचे, खलाशांचे आणि व्यापाऱ्यांचे कार्यक्षेत्र. इतरांना त्याची भीतीच वाटे. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात डॉक्टर रिचर्ड रसेल नावाच्या वैद्याने समुद्राच्या पाण्यात स्नान केल्याने आणि ते पाणी प्याल्याने अनेक व्याधी बऱ्या होतात असे प्रतिपादन केले. त्याने आपला दवाखाना ब्रायटन या किनाऱ्यावरील गावी थाटला. मग काय, श्रीमंत रोग्यांची तेथे रीघ लागली. रोग्यांच्या मागोमाग राजघराण्यातील मंडळी आली आणि मासेमारीवर जगणारे ते खेडे एक डौलदार शहर बनले. त्या काळी उघड्यावर स्नान करणे शिष्टसंमत नव्हते. म्हणून चाकांवर बसवलेली लाकडी खोली घोड्याकडून पाण्यात ओढून नेत. आत बसलेला मनुष्य तेथे कपडे बदलून पायऱ्यांवरून थेट लाटांत उतरे. आज आपल्याला याचे हसू येते; परंतु समुद्रकाठच्या विहारस्थानांचा आरंभ असा औषधाच्या बाटलीतून झाला, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

ही मौज गरिबांच्या आवाक्यात आणली ती आगगाडीने. १८४१ साली लंडनहून ब्रायटनला लोहमार्ग पोहोचला आणि १८४६ साली उत्तर इंग्लंडमधील ब्लॅकपूल या गावी पहिली आगगाडी आली. ब्लॅकपूलच्या पाठीमागे लँकेशायर हा प्रांत आहे. तेथे कापसाच्या सुतापासून कापड विणणाऱ्या शेकडो गिरण्या होत्या. धुराने काळवंडलेल्या त्या गिरणगावांतील कामगार वर्षभर यंत्रांच्या खडखडाटात राबत. उन्हाळ्यात मात्र प्रत्येक गावाचा एकेक आठवडा सुट्टीचा म्हणून ठरलेला असे. त्या आठवड्यात गावातील साऱ्या गिरण्या बंद राहत आणि गावच्या गाव पेट्या-वळकट्या घेऊन समुद्राकडे निघे. या सुट्टीचा पगार बहुधा मिळत नसे. म्हणून कामगार वर्षभर पैसा पैसा साठवीत आणि तो त्या एका आठवड्यात मोकळ्या हाताने खर्च करीत.

एका गावाचा आठवडा संपला की दुसऱ्या गावाचा सुरू होई. त्यामुळे ब्लॅकपूलला सारा उन्हाळा पाहुण्यांची वाण पडत नसे. त्यांच्यासाठी तेथे काय काय उभारले गेले, ते पाहा. समुद्रात दूरवर शिरणारे तीन लांब लोखंडी धक्के बांधले गेले. त्यांवरून चालताना जहाजावर असल्याचा आनंद कोरड्या पायांनी मिळे. १८७९ साली किनाऱ्यावरचा रस्ता विजेच्या दिव्यांनी उजळला. तेव्हा बहुतेकांनी विजेचा दिवा पाहिलेलाही नव्हता. १८९४ साली पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याच्या धर्तीवर १५८ मीटर उंचीचा मनोरा उभा राहिला. शिवाय नृत्यगृहे, सर्कशी, वाळूवरून फिरवणारी गाढवे आणि उंच पाळणे होतेच. घराघरांतून पाहुण्यांच्या राहण्याजेवणाची सोय केली जाई आणि त्या मिळकतीवर असंख्य कुटुंबे वर्षाची बेगमी करीत.

अटलांटिक महासागराच्या पलीकडे न्यूयॉर्क शहराजवळ कोनी आयलंड नावाचा किनारा आहे. तेथे तर यंत्रांच्या करमणुकीची जणू नगरेच वसली. १८९७ साली तेथे स्टीपलचेस नावाचे करमणूक उद्यान उघडले. त्यात रुळांवरून धावणाऱ्या लाकडी घोड्यांची शर्यत होती. १९०३ साली लूना पार्क आणि १९०४ साली ड्रीमलँड ही उद्याने सुरू झाली. रात्र झाली की लाखो दिव्यांनी त्यांचे मनोरे झळाळत आणि जहाजांवरील प्रवाशांना ते दूर समुद्रातून दिसत. १९२० साली शहराची आगगाडी थेट तेथवर पोहोचली. अवघ्या पाच सेंटच्या तिकिटात गरिबातील गरीब मनुष्यही समुद्रावर जाऊ लागला. उन्हाळ्यातील रविवारी त्या वाळूवर पाय ठेवायला जागा मिळत नसे.

या साऱ्या वैभवाचे आधारस्तंभ कोणते होते, याचा विचार करा. पहिला आधार स्वस्त वाहन. दुसरा आधार एकाच वेळी सुट्टी मिळणारा मोठा कामगारवर्ग. तिसरा आधार नवलाई, म्हणजे घरी पाहावयास न मिळणाऱ्या गोष्टी. हे तीन खांब जोवर उभे होते, तोवर विहारस्थानांचा डोलारा भक्कम होता. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यानंतर हे तिन्ही खांब एकामागून एक ढासळू लागले.

ज्या वाहनाने विहारस्थाने घडवली, त्या वाहनाच्याच भावंडांनी ती मोडली. घरोघरी मोटारी आल्या. माणसे हवे तेथे, हव्या त्या निर्जन किनाऱ्यावर जाऊ लागली. पुढे विमाने स्वस्त झाली. इंग्लंडचा उन्हाळा मोठा लहरी. जुलै महिन्यातही तेथे पाऊस आणि बोचरा वारा असतो. स्पेनमध्ये मात्र त्याच दिवसांत लख्ख ऊन आणि कोमट समुद्र लाभतो. साधारणतः १९६० नंतर विमानभाडे, निवास आणि जेवण यांचा एकत्र खर्च सामान्य कुटुंबाला परवडू लागला, तेव्हा पुष्कळांनी ब्लॅकपूलऐवजी स्पेनची वाट धरली.

दुसरा खांब गिरण्यांचा. त्याच्या ढासळण्याशी आपल्या देशाचा फार जवळचा संबंध आहे. लँकेशायरच्या कापडाचे एक मोठे गिऱ्हाईक म्हणजे हिंदुस्थान. मुंबईत १८५४ साली पहिल्या कापडगिरणीची उभारणी सुरू झाली आणि पुढील काळात तेथे गिरण्यांचे जाळे पसरले. स्वदेशीच्या चळवळीने परदेशी कापडावर बहिष्कार घातला. जपानसारखे इतर देशही स्वस्त कापड विणू लागले. विसाव्या शतकात लँकेशायरच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या. गिरणी बंद झाली तेव्हा तिच्या भोंग्याबरोबर गावाचा सुट्टीचा आठवडाही संपला. मुंबईच्या गिरण्यांत माग चालवणाऱ्या कामगारांत रत्नागिरी जिल्ह्यातील माणसे फार मोठ्या संख्येने होती. त्यांनी विणलेल्या कापडाचा परिणाम हजारो कोसांवरील एका सागरतीरापर्यंत जाऊन पोहोचावा, हे केवढे आश्चर्य! जगातील गावे एकमेकांशी अशा अदृश्य धाग्यांनी बांधलेली असतात.

तिसरा खांब नवलाईचा. विजेचा दिवा घरोघर आल्यावर त्याचे अप्रूप कोणाला वाटणार? चलच्चित्रे, नभोवाणी, दूरदर्शन यांनी करमणूक माणसाच्या अंगणात आणून ठेवली. यंत्रांचे एक वैगुण्य आहे. डोंगर किंवा समुद्र हजारदा पाहिला तरी जुना होत नाही. परंतु फिरता पाळणा दहा वेळा बसल्यावर जुना वाटू लागतो. मग नवे, अधिक उंच, अधिक वेगवान यंत्र आणावे लागते, आणि त्यासाठी सतत पैसा ओतावा लागतो.

त्यात समुद्राची खारी हवा लोखंडाची वैरीण. किनाऱ्यावरील यंत्राला दरवर्षी खरवडून रंग द्यावा लागतो, गंजलेले भाग बदलावे लागतात. येणारी माणसे घटली की उत्पन्न घटते. उत्पन्न घटले की रंगरंगोटी आणि दुरुस्ती लांबणीवर पडते. जागा कळाहीन दिसू लागली की आणखी माणसे पाठ फिरवतात, आणि उत्पन्न आणखी खाली जाते. हे दुष्टचक्र एकदा फिरू लागले म्हणजे थांबवणे कठीण. करमणुकीचे सारे पाळणे थांबले तरी हे एक चक्र फिरतच राहते.

याची उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. ब्रायटनचा पश्चिम धक्का १८६६ साली बांधला गेला. लोखंडी खांबांवर उभे असलेले ते जणू समुद्रावरचे राजमंदिरच होते. दुरुस्तीचा खर्च पेलेना म्हणून तो १९७५ साली बंद झाला, आणि २००३ साली लागलेल्या आगींत त्याचा उरलासुरला भागही होरपळला. आज पाण्यात त्याचा काळा सांगाडा तेवढा दिसतो. कोनी आयलंडचे ड्रीमलँड १९११ साली आगीत भस्मसात झाले, लूना पार्कला १९४४ साली आग लागली आणि स्टीपलचेस उद्यान १९६४ साली बंद पडले. इंग्लंडमधील मार्गेट येथील उद्यान या शतकाच्या आरंभी बंद झाले. तेथे १९२० साली उभारलेली चढउताराच्या लाकडी रुळांची गाडी होती. २००८ साली तिलाही आग लागली. तथापि गावकऱ्यांनी हार मानली नाही. त्यांनी चिकाटीने प्रयत्न केले, गाडीची पुनर्बांधणी झाली आणि २०१५ साली उद्यान पुन्हा उघडले. ब्लॅकपूलही सर्वस्वी ओस पडले नाही. आजही तेथे लाखो माणसे येतात. पण पूर्वीसारखी आठवडाभर मुक्काम न करता पुष्कळजण दिवसभर हिंडून परत जातात.

उद्याने बंद होणे म्हणजे केवळ मौज संपणे नव्हे. त्यांच्या आधाराने जगणाऱ्या माणसांचे काय झाले, ते मनात आणा. पाहुण्यांना खोल्या देणाऱ्या घरमालकिणी, गाढवे फिरवणारे, छायाचित्रे काढणारे, खाऊ विकणारे, वाद्ये वाजवणारे, यंत्रांना तेल घालणारे अशा हजारोंची रोजीरोटी बुडाली. उन्हाळ्यातील चार महिन्यांच्या कमाईवर वर्ष काढण्याची सवय असलेल्या गावांना दुसरा धंदा ठाऊक नव्हता. तरुण मुले गाव सोडून गेली. पाहुण्यांसाठी बांधलेल्या मोठमोठ्या इमारतींच्या लहान लहान खोल्या पाडून त्या बेकार व गरीब लोकांना भाड्याने दिल्या गेल्या. एके काळची आनंदनगरे दारिद्र्याची वस्ती बनली.

आता आपण आपल्या किनाऱ्याकडे वळू. कोकणच्या समुद्राला विहारासाठी येणारे पाहुणे अगदीच नवे नाहीत. दुसरे बाजीराव पेशवे उन्हाळ्यात गुहागरास येऊन राहत असत. त्यांनी तेथे समुद्राजवळ वाडाही बांधला होता. १८१८ साली पेशवाई संपली आणि त्या वाड्याचे दिवसही संपले. परंतु ब्लॅकपूलसारखे गिरणीकामगारांचे विहारस्थान मात्र कोकणात निर्माण झाले नाही. याचे कारण मोठे हृद्य आहे. मुंबईच्या गिरणीकामगाराला सुट्टी मिळाली म्हणजे तो परक्या गावी मौज करण्यास जात नसे. तो आपल्या घरी जाई. त्याची म्हातारी आई, बायको, मुले गावी असत आणि तो मुंबईत चाळीच्या खोलीत दहाजणांसोबत राही. शिमग्याला किंवा मे महिन्यात तो आगबोटीत बसे आणि आपल्या बंदराकडे निघे. बंदरात आगबोटीचा भोंगा वाजला की सारा गाव किनाऱ्यावर लोटे. लँकेशायरचा कामगार समुद्रावर पैसे उधळण्यास जाई, तर कोकणचा चाकरमानी समुद्रावरून पैसे घरी आणी.

या आगबोटींचीही कथा निराळी नाही. रस्ते सुधारले, एस. टी. च्या गाड्या खेडोपाडी पोहोचल्या आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आगबोटी बंद झाल्या. १९९८ साली कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. ज्या बंदरांवर प्रवाशांची झुंबड उडे, ती शांत झाली. आणि जेथे स्थानक झाले त्या गावांची वर्दळ वाढली. वाट बदलली म्हणजे गावांचे नशीबही बदलते, ते असे.

करमणुकीच्या यंत्रांचा उदय आणि अस्त पाहायचा तर मुंबईजवळचे गोराई पाहिले पाहिजे. कोकणातील जत्रांत पूर्वी लाकडी पाळणे येत आणि ते माणसे हाताच्या व अंगाच्या जोराने फिरवीत. जत्रा उठली की पाळणे सोडून गाडीवर लादले जात व पुढच्या गावी जात. कायमचे मोठे करमणूक उद्यान ही गोष्ट आपल्याकडे अलीकडची. गोराई येथे १९८९ साली एस्सेलवर्ल्ड नावाचे उद्यान सुरू झाले. खाडीतून लाँचमध्ये बसून तेथे जावयाचे, आणि पलीकडे उतरताच उंच उंच पाळणे दिसावयाचे! महाराष्ट्रातील कित्येक शाळांच्या सहली तेथे गेल्या. तेथे जाऊन आल्यावर मुले महिनाभर त्याच गोष्टी सांगत.

पण येथेही तेच घडले. शहरात मोठमोठी दुकानसंकुले उभी राहिली आणि त्यांतच खेळांची दालने निघाली. २०१३ साली खोपोलीजवळ नव्या धर्तीचे मोठे उद्यान सुरू झाले. मुलांच्या हाती भ्रमणध्वनी आला आणि त्यात खेळ आले. २०२० साली महासाथ आली तेव्हा देशभरातील उद्यानांना टाळे लागले. अखेर २०२२ साली एस्सेलवर्ल्ड बंद झाले. आईबापांनी आपल्या लहानपणी पाहिलेले ते उद्यान आज मुलांना दाखवता येत नाही.

एखादे गाव एकाच आधारावर उभे राहिले म्हणजे काय होते, हे समजण्यासाठी समुद्रापर्यंत जाण्याचीही गरज नाही. अलोरे येथे कोयना प्रकल्पाच्या कामासाठी मोठी वसाहत वसली. अभियंते, कारागीर, मजूर आणि त्यांची कुटुंबे येथे आली. शाळा गजबजल्या, बाजार भरू लागला. पुढे बांधकामाचे टप्पे पुरे होत गेले. बदली होऊन किंवा निवृत्त होऊन कुटुंबे निघून गेली आणि वसाहतीतील पुष्कळशी घरे रिकामी झाली. प्रकल्पाचे कार्य सफल झाले, वीज आजही निर्माण होत आहे. परंतु ज्यांचे पोट वसाहतीच्या गजबजाटावर अवलंबून होते, त्यांना तो गजबजाट परत मिळाला नाही. ब्लॅकपूलच्या घरमालकिणीचे दुःख अलोऱ्याच्या दुकानदाराला समजावून सांगावे लागणार नाही.

तर मग समुद्रकाठच्या गावांनी पाहुण्यांकडे पाठ फिरवावी काय? मुळीच नाही. याचे एक सुंदर उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातच आहे. मंडणगड तालुक्यातील वेळास हे नाना फडणविसांचे गाव. तेथील वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवे अंडी घालण्यास येतात. मादी रात्रीच्या वेळी वाळूत खड्डा करते, त्यात सुमारे शंभर अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. पूर्वी ही अंडी माणसे आणि कोल्ही-कुत्री पळवीत. २००२ सालापासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या साहाय्याने अंड्यांचे रक्षण आरंभले. कुंपण घातलेल्या जागेत ती अंडी वाळूत ठेवली जातात. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले बाहेर येतात आणि त्यांना किनाऱ्यावर सोडले जाते. ती इवलीशी पिल्ले लाटांच्या दिशेने धडपडत जाताना पाहण्यासाठी दूरदूरची माणसे वेळासला येतात. ती गावकऱ्यांच्याच घरी उतरतात आणि घरचेच जेवण जेवतात. त्यासाठी ना उंच पाळणा लागतो, ना लोखंडी धक्का.

येथे एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. अंधारात समुद्राच्या पृष्ठभागावरील उजेड पाहून कासवाची पिल्ले पाण्याची दिशा ओळखतात. किनाऱ्यावर झगझगीत दिवे लावले तर ती दिव्यांकडे भरकटतात आणि मरतात. ज्या लखलखाटाने ब्लॅकपूलला माणसे जमवली, तोच लखलखाट वेळासला आणला तर ज्यांना पाहण्यासाठी माणसे येतात ती कासवेच नाहीशी होतील. गर्दी, कचरा आणि वाळूवर धावणाऱ्या मोटारी यांचाही परिणाम तसाच होईल. पाहुण्यांना काय आवडेल याच्याइतकाच, आपल्या किनाऱ्याला काय सोसेल याचाही विचार गावाने केला पाहिजे.

शिवाय वेळास असो वा गुहागर, पाहुणा हा गावाचा एकमेव आधार असून चालणार नाही. नारळी-पोफळीच्या वाड्या शिंपल्या जात आहेत, होड्या मासेमारीला जात आहेत, आंबा-काजूच्या बागा फुलत आहेत, आणि त्यांच्या जोडीला पाहुणेही येत आहेत, असे गाव सहसा ओस पडत नाही. एखाद्या वर्षी पाहुणे आले नाहीत, तरी त्याची चूल पेटत राहते. महासाथीच्या काळात सारे प्रवास थांबले, तेव्हा हे आपण पाहिलेच आहे.

माणसांच्या आवडी बदलतात, वाहने बदलतात, धंदेही बदलतात. हा बदल कोणाच्या थांबवण्याने थांबत नाही. परंतु आपले गाव कशावर उभे आहे, तो आधार किती टिकाऊ आहे आणि तो उद्या खचला तर दुसरा कोणता आहे, हे प्रश्न प्रत्येक गावाला वेळीच स्वतःस विचारता येतात. ज्यांनी ते विचारले नाहीत, त्यांचे गंजलेले धक्के आजही लाटांत उभे आहेत.

स्वाध्याय

१. समुद्रस्नानाची चाल इंग्लंडमध्ये कोणत्या समजुतीमुळे सुरू झाली?
२. ब्लॅकपूलच्या वैभवाचे तीन आधार कोणते? ते कसे ढासळले, ते थोडक्यात लिहा.
३. लँकेशायरचा कामगार आणि कोकणचा चाकरमानी यांच्या सुट्टीत कोणता फरक होता?
४. ‘करमणुकीचे सारे पाळणे थांबले तरी हे एक चक्र फिरतच राहते.’ येथे कोणते चक्र अभिप्रेत आहे? का?
५. वेळासच्या किनाऱ्यावर दिव्यांचा लखलखाट का नको?
६. तुमचे गाव कोणकोणत्या व्यवसायांवर जगते, याची घरातील वडीलधाऱ्या माणसांकडून माहिती मिळवा. पूर्वी चालत असलेला पण आता बंद पडलेला एखादा व्यवसाय निवडून तो का बंद पडला, हे दहा ओळींत लिहा.